अठ्ठ्याऐंशी अंश

तोक्तोसून, आधी कबुली:
तुझी डिश मी छपरावरून उतरवली.
फुटबॉलचे सामने आता दिसायचे नाहीत.
तसंही तू रशियाला गेल्यापासून
त्या पडद्यावर नुसतं बर्फ पडत होतं,
आणि बर्फ बघायला मुर्गाबात टीव्ही कशाला हवा?

तिच्या पोटाला चांदी लावली,
चॉकलेटची, चहाच्या पुड्यांची, सिगारेटच्या पाकिटांतली,
अयझादाने शाळाभर फिरून मागून आणलेली.
नखाने सुरकुत्या मोडल्या, कणकेच्या खळीने चिकटवली.
एका कडेला एक सुरकुती राहिली. राहू दे.
जो हात पुढे करून ती
आभाळातलं बोलणं ऐकायची,
त्या हाताला आता किटली टांगते.

पहिल्या दिवशी एक तास दहा मिनिटं लागली.
डोळ्यांवर तुझा वेल्डिंगचा चष्मा,
दर थोड्या वेळाने डिश वळवायची;
सूर्य सरकला की आपण सरकायचं,
सासूची नजर फिरेल तशी सून सरकते तसं.

उकळी फुटली. शाळेच्या थर्मामीटरवर अठ्ठ्याऐंशी.
मास्तर म्हणाले, एवढ्या उंचीवर पाणी इथवरच तापतं,
पुढे जात नाही, कितीही जाळा.
बरं वाटलं ऐकून.
म्हणजे थोडक्यात भागतं,
हे इथल्या पाण्यालाही ठाऊक आहे.

तुझ्या आईने पियाला उचलला, वास घेतला, खाली ठेवला.
"धूर नाही याला.
बिनधुराचा चहा म्हणजे आजाऱ्याचं पाणी."
आणि चूल पेटवायला गेली.

तेरेस्केन आता कुठे मिळतं, तुला कल्पना नाही.
तू होतास तेव्हा गाढव घेऊन दुपारी परतायचो.
आता अंधारात निघायचं, अंधारात पोचायचं.
वीतभर झुडूप, पुरुषभर मूळ;
उपटलं की दाढ काढल्यासारखा खड्डा,
आणि त्या खड्ड्यात वारा जो ठाण मांडतो
तो पुन्हा काही उगवू देत नाही.

म्हणून मग पेटी.
कंटेनरच्या बाजारात झामिरच्या दुकानामागे
बियरचे डबे छप्पन्न मागितले होते,
आठवड्यात ब्याण्णव जमले.
गावाचं काय चाललंय ते मला मोजायचं नव्हतं,
पण मोजलं गेलं.
बुडं खिळ्याने फोडली, डब्यावर डबा, नळ्या केल्या,
चुलीचीच काजळी जवसाच्या तेलात खलून फासली.
वर काच, बंद पडलेल्या बसची;
कोपऱ्यात अजून लिहिलेलं आहे, वाकून बाहेर पाहू नये.
दक्षिणेच्या भिंतीला दोन भोकं.
खालच्यातून खोलीतली गार हवा आत जाते,
डब्याडब्यांतून चढते,
वरच्यातून परत येते,
उन्हात वाळत घातलेल्या लोकरीसारखी.
पंखा नाही, घरघर नाही.

रात्री मात्र भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबायचे,
नाहीतर हीच पेटी घरातली ऊब बाहेर नेऊन टाकते.
एकदा विसरले. सकाळी बादली फोडून पाणी घेतलं.
आणि ढगाळ दिवशी दोन्ही वस्तू ढिम्म.
खोटं कशाला सांगू?

काल पाणी घेऊन जरा लवकर आले.
दार अर्धं उघडलं.
तुझी आई गोधड्यांच्या चवडीवर,
कंबर वरच्या भोकाला लावून, डोळे मिटून;
रुमाल मानेवरून खाली घसरलेला,
शेजारी झाकलेलं पीठ दुप्पट फुगलेलं.
स्वतःशीच पुटपुटली,
"धूर नाही याला."
तेच शब्द, तोंड मात्र वेगळं.

मी मागल्या पावली बाहेर आले,
बादली दोनदा दगडावर आपटली,
खोकले, गाढवाला उगाच शिव्या दिल्या.
आत गेले तेव्हा ती चुलीपुढे बसली होती,
गार राखेवर
फुंकर घालत.